खोर फक्कानमधली तीन पानं

खोर फक्कानच्या त्या घरात शिरून मला पाच मिनिटंही झाली नसतील, आणि मी घोळ घालून मोकळा झालो होतो. सुमनमावशींनी माझ्यापुढे ताटली धरली. ताटलीत पांढरेशुभ्र वाफाळते शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, शेजारी वाटीत नारळाचा गोड रस. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "नको नको मावशी, पोट अगदी गच्च आहे."

आता, पुण्यात वाढलेल्या माणसाचं पहिलं 'नको' हे नको नसतंच. समोरच्याने म्हणायचं, "असं कसं, चव तरी बघा." आपण म्हणायचं, "बरं, अगदी चमचाभर." आणि मग त्या चमचाभराच्या नावाखाली दोन वाट्या. माझं पोट जे काही आज आहे ते या रिवाजाच्या जोरावर आहे. तेव्हा मी चेहऱ्यावर पुरेसा संकोच आणून आग्रहाची वाट बघत बसलो. मावशींनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, "बरा," म्हणाल्या, आणि ताटली उचलून आत गेल्या.

शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, विद्याने, माझ्या मांडीला असा चिमटा काढला की त्याची खूण मी पुण्यापर्यंत आणली. "अहो, काही कळतं का तुम्हाला? त्या बाईला अख्ख्या गावाने जन्मभर 'नको' म्हटलंय. तिला ते खरंच वाटतं!"

मग ती स्वतः उठून आत गेली, ताटली परत घेऊन आली आणि माझ्या हातात आदळली. मी खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. पहिली ताटली ओशाळून संपवली, दुसरी निव्वळ चवीने. मावशी दारात उभ्या राहून मी कसा खातो ते बघत होत्या, आणि सासूबाईंनीसुद्धा मला कधी इतकं लक्ष देऊन जेवताना पाहिलेलं नाही.

आता तिथवर कसे पोचलो ते सांगायला हवं.

अल मजाज

शारजाला आम्ही फिरायला म्हणून गेलोच नव्हतो. विद्याचा धाकटा भाऊ सतीश तिकडे बरीच वर्षं नोकरी करतो. त्याची बायको आईच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आली, आणि मागे उरले सतीश आणि त्याची नोकरी करणारी मुलगी ईशा. "दोघं रोज बाहेरचं खातात," एवढं कानावर आल्यावर विद्याने मला तिकिटं काढायला बसवलं. ऑफिसने रजा इतक्या चटकन दिली की मला थोडं वाईटच वाटलं.

सतीशचं घर अल मजाजमध्ये, उंचावर. खाली खालिद लगूनचं पाणी, पाण्याकाठी फिरणारी माणसं, आणि संध्याकाळी प्रत्येक बाल्कनीतून वेगळ्या प्रांताची फोडणी. पहिल्याच दिवशी सतीशने आम्हाला गाडीतून चहाला नेलं. छोट्या हॉटेलसमोर गाडी उभी केली आणि जोरात हॉर्न वाजवला. मी दचकलो. आतून एक मल्याळी गृहस्थ हसत बाहेर आले, ऑर्डर घेऊन गेले आणि गाडीच्या खिडकीतून वेलचीचा कडक चहा हातात दिला. पुण्यात चहावाल्यासमोर असा हॉर्न वाजवला असता तर चहा मिळाला नसता, घराण्याचा उद्धार मात्र झाला असता. विद्याने दिरहमचे रुपये केले, "अगं बाई!" म्हणाली आणि तरीही दुसरा कप मागवला.

तेवढ्यात मागच्या सीटवरून ईशा म्हणाली, "आत्या, उद्या वी आर गोइंग टू खोर फक्कान. सुमनआजी इज वेटिंग."

सतीशने कप डॅशबोर्डवर ठेवला. "ईशा, खलास. तो विषय नको."

ईशा वाढली इथंच. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलताना तिची गाडी इंग्रजीच्या रुळावर जाते. तिने जे सांगितलं ते असं. विद्याच्या माहेरच्या गावातली (कोकणातलं छोटं गाव, नाव लिहायचं नाही अशी मला घरून ताकीद आहे) बरीच कुटुंबं इथं नोकरीला आहेत. गणपतीत सगळी एकत्र जमतात. मागच्या गणपतीला सुमनमावशी मोठा डबा भरून शिरवाळे घेऊन आल्या होत्या. त्या कुणाच्या नात्यातल्या मावशी नव्हेत, गावच्या म्हणून मावशी. मुलगा प्रकाश खोर फक्कानच्या बंदरात कामाला, त्याच्याकडे राहतात. तर तो डबा कुणी उघडला नाही. ईशाने उघडला. पहिला घास तोंडात जातोय तोच तिच्या आईने हातातली ताटली काढून घेतली.

"आय थॉट इट हॅड नट्स ऑर समथिंग," ईशा म्हणाली.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, त्यांच्या हातचं आपण खात नाही. का? असंच. ईशाच्या पिढीला 'असंच' चालत नाही. ती दुसऱ्या आठवड्यात एकटी गाडी घेऊन खोर फक्कानला गेली आणि मावशींनाच विचारून आली.

"मलाही लहानपणी तेच सांगितलं होतं," विद्या हळूच म्हणाली. "त्या घरी पाणी प्यायचं नाही. मी कधी विचारलं नाही."

खोर फक्कान

शारजा सोडलं की आधी वाळू लागते, मग डोंगर. आपल्या सह्याद्रीवरची झाडं, गवत, माती सगळं खरवडून काढलं आणि उरलेलं उन्हात वाळत घातलं तर जसं दिसेल तसे हे डोंगर. सुंदर आहेत, पण त्यांच्याकडे बघताना तहान लागते. बोगद्यांमागून बोगदे येतात, मी दर बोगद्यात चष्मा काढत आणि घालत होतो. आणि मग शेवटच्या वळणावर एकदम निळाशार समुद्र, बंदराच्या उंच क्रेन, आणि माघातली मऊ हवा.

"आत्या, धिस इज युअर सी," ईशा म्हणाली. खरंच होतं. शारजा-दुबईचा समुद्र म्हणजे आखात. इथला मात्र उघडा. याच पाण्यातून सरळ निघालं तर समोर कोकण.

मावशींची मूर्ती लहान, पाठ ताठ, अंगावर फिकट निळं सुती पातळ. माझ्या शिरवाळ्यांचा तो प्रसंग आटोपल्यावर त्या बाल्कनीजवळ खाली बसल्या. विद्या त्यांच्याशी मालवणीत बोलू लागली आणि मी थक्क झालो. लग्नापासून ही बाई माझ्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत भांडत आली आहे. हा दुसरा आवाज तिने इतकी वर्षं कुठे ठेवला होता?

मावशींनी जे सांगितलं त्यात रडणं नव्हतं. तांदूळ निवडावे तसं एकेक सांगितलं.

त्या लहान होत्या तेव्हा गावात गोवर आला. घरोघरची पोरं जाऊ लागली. डॉक्टर लांब, होडीने जावं लागे. शेवटी मानकऱ्यांनी देवाला कौल लावायचं ठरवलं. ज्यांनी कोकणातलं देऊळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: देवाच्या पाषाणावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांदेखत मोठ्याने देवाला विचारतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न जमवताना, विहीर खणताना लोक असाच कौल घेतात, त्यात कुणाचं वाईट नसतं. त्या दिवशी मात्र प्रश्न वेगळा होता. पोरं खाते कोण? चेटूक कोण करते? मानकरी गावातल्या बायकांचं एकेक नाव घेत गेला, आणि गाव पाकळ्यांकडे बघत राहिलं.

तीन नावांना उजवी पाकळी पडली. पहिली काशी, एकटी राहणारी विधवा. दुसरी भागीरथी, गावची सुईण. मेलेल्या पोरांपैकी किती तरी तिच्याच हातावर जन्मली होती. तिसरी सत्यभामा, मावशींची आई.

"तिका कित्याक गे?" विद्याने विचारलं.

"माझा काय झाला नाय म्हणान," मावशी म्हणाल्या. "माका गोवर इलो आणि गेलो. शेजारची दोनय गेली. मी ऱ्हवलंय. म्हणान माझी आवस."

मुलगी वाचली, हाच आईवरचा पुरावा.

तिघींचे केस कापले. ओहोटी बघून त्यांना खाडीच्या चिखलात उतरवलं आणि सांगितलं, पलीकडे जा, परत तोंड दाखवू नका. अमावास्येची भरती. काशी आणि भागीरथी नंतर मिळाल्या, बुडालेल्या. सत्यभामा मिळालीच नाही. मामाने सुमनला आपल्या गावी नेलं, वाढवलं, लग्न करून दिलं. पण 'चेटकिणीचा चेडू', चेटकिणीची पोर, हे नाव तिच्याही आधी सासरी पोचलं होतं. तिथं टिकू दिलं नाही, तेव्हा ती प्रकाशला घेऊन गावातल्या आईच्याच घरी परतली. गावात त्यानंतर कुणी मुलीचं नाव सत्यभामा ठेवलं नाही. कुणी ते उच्चारतही नाही.

"गाऱ्हाणा कोणी घातल्यान?" विद्याने विचारलं. मला वाटतं, उत्तर तिला तोवर कळलं असावं.

मावशी थोड्या पुढे सरकल्या. मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या आज्यान, गे. मोठे मानकरी तेच."

विद्याचे आजोबा, आबा, मी आमच्या लग्नात पाहिलेले. त्यांनी माझ्या हातात नारळ दिला होता आणि "पोरीला समुद्राजवळ ने अधूनमधून" असं सांगितलं होतं. विद्याच्या लहानपणीच्या प्रत्येक चांगल्या गोष्टीत आबा असतात.

ईशा खाली बघत होती. तिला हे आधीच माहीत होतं. आत्याला फोनवर सांगायची तिची हिंमत झाली नव्हती.

मावशींचं मागणं फार नव्हतं. येत्या रविवारी अमावास्या, आईचा दिवस. तीन पानं वाढायची, तिघींची, कारण बाकीच्या दोघींना मागे कुणीच नाही. गावची मंडळी इथं इतकी आहेत, त्यांनी येऊन जेवायचं. आणि पानांसमोर सतीशने तिघींची नावं घ्यायची.

"त्या दिसा तुमच्या घरच्या तोंडातसून तिचा नाव इला. एकदा त्याच घरच्या तोंडातसून पानार येवंदे. मगे ती जेवतली."

"मी घेतंय नावां," विद्या म्हणाली.

"तू आता ह्यांच्या घरची," मावशींनी माझ्याकडे हनुवटीने दाखवलं. "जावयांचा घराणा येगळा. त्याच घरचा माणूस होया. सतीशाक सांग."

दुबई मरीना

सतीशला सांगितलं. तो आधी म्हणाला, रविवारी ऑफिसचं काम आहे. मग म्हणाला, "ताई, या देशात जादूटोणा म्हटलं तरी पोलीस येतात, माहितीय?" ईशाने सांगितलं की घरात बसून जेवण्याला कुणी जादूटोणा म्हणत नाही. तेव्हा तो उठून बाल्कनीत गेला आणि लगूनकडे पाठ करून, आत आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"निदान बाकीच्यांना तर बोलावू," म्हणून ईशा आम्हाला मरीनाला घेऊन गेली. तिथं गावच्या पोस्टासमोरच्या घरातले नंदूदादा राहतात. इतक्या उंचावर, की लिफ्टमध्ये माझे कान बंद झाले आणि मी सगळ्यांशी ओरडून बोलू लागलो. खाली पाण्यात पांढऱ्या बोटी, समोर काचेचे मनोरे. नंदूदादांनी आमचं इतकं आगतस्वागत केलं की मला माझ्या चपलांची लाज वाटली. वहिनींनी खजुराचे तीन प्रकार पुढे केले. मी सवयीने "नको" म्हणणार होतो, पण मांडी आठवून गप्प घेतलं.

विद्याने बोलावणं केलं. नंदूदादा हसून म्हणाले, "वा वा. इन्शाल्ला, नक्की."

मी खुशीत आलो. परतताना ईशाला म्हणालो, बघ, आले ना तयार! ती म्हणाली, "काका, हाउ दे से इन्शाल्ला, दॅट मॅटर्स." म्हणजे आपल्याकडे 'बघू' म्हणतात तसंच. कुणी कसं म्हणालं यावर सगळं.

पण मला खरं उत्तर त्याआधीच मिळालं होतं, फक्त कळलं नव्हतं. निघताना दारात वहिनींनी विद्याला बाजूला घेतलं होतं. सांगताना त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. "आमच्या मनात तसं काही नाही गं. शिकलेली माणसं आपण. पण सुनेला दिवस गेलेत. पहिलटकरीण आहे. अशा वेळी उगाच... तू समजून घे."

ढगात घर, दाराला चेहरा ओळखणारं कुलूप. त्याच दाराआड ती जुनी भीती मात्र वहिनींबरोबर राहत होती. मला राग यायला हवा होता. त्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी बघून तो येईना.

पुन्हा खोर फक्कान

अमावास्येला आम्ही सकाळीच पोचलो. प्रकाशने ओळखीच्यांकडून खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. हा प्रकाश म्हणजे मावशींचा मुलगा. बंदरात मोठमोठे कंटेनर हलवणारा, पण घरात आवाज न करता चालणारा. सुपरमार्केटमधून केळीची पानं आणली होती, धुऊन पुसून एकावर एक रचलेली. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, भात, सोलकढी. मावशींनी गावभराचा स्वयंपाक केला होता.

शिरवाळे मात्र राहिले होते. ते गरमागरमच पाडावे लागतात. तांदळाच्या उकडीचा गोळा लाकडी शेवग्यात, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यात, घालायचा, एकाने शेवगा धरायचा, दुसऱ्याने सगळा भार टाकून दाबायचं. गावात शिरवाळे असले की शेजारीण हाकेसरशी येते. मावशींच्या हाकेला कुणी आलं नाही, म्हणून त्यांनी शेवगा भिंतीत अडकवून एकटीने दाबायची रीत बसवली होती. विद्याने पदर खोचला आणि दांडा हातात घेतला. दोघींची लय अशी जमली की मी बघतच राहिलो.

मला नारळ खवायला बसवलं. अर्ध्या वाटीतच मी स्वतःचं बोट खवलं. "जावयानू, उठा," मावशी म्हणाल्या, "ह्या तुमचा काम न्हय. नारळ सोवळो ऱ्हवंदे." त्या दिवसभरात त्या हसल्या त्या तेवढ्याच.

दुपार झाली. मग ती कलू लागली. खुर्च्या तशाच. कुणाचा फोन लागला नाही, कुणाकडे पाहुणे आले, कुणी रस्त्यात आहे म्हणालं आणि रस्त्यातच राहिलं. प्रत्येक वेळी लिफ्टचा आवाज आला की मावशी हातातलं काम थांबवत.

एकदाची घंटा वाजली. ईशा धावली. दारात डिलिव्हरीवाला, हातात सोनेरी फितीचं भलंमोठं खोकं. मरीनाहून मिठाई. 'नमस्कार आणि क्षमस्व' अशी चिठ्ठी.

ईशाचा चेहरा लाल झाला. "दे सेंट फूड? टू हर?" खोकं परतच पाठवायचं म्हणून ती पुन्हा दाराकडे निघाली.

"हाड गे हंय," मावशी म्हणाल्या आणि हात पुढे करून खोकं घेतलं. त्यांनी फीत सोडवली, घडी करून बाजूला ठेवली. एक तुकडा उचलला आणि सगळ्यांसमोर सावकाश खाल्ला.

"बरा आसा," म्हणाल्या. "माका त्यांच्या हातचा खावक काय भय नाय."

प्रकाश उठून बाल्कनीत गेला. तिथूनच त्याने ईशाला खूण केली.

"बाबांची गाडी!" ईशा म्हणाली. "ही इज हिअर!"

मला खाली पिटाळलं. समुद्राच्या कडेला सतीशची गाडी उभी, इंजिन चालू, काचा बंद. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. त्याच्या अंगावर धुतलेला सदरा होता. म्हणजे घरून यायचं ठरवूनच निघाला होता.

"चल रे, पानं वाढलीत," मी म्हणालो.

"भावोजी, मला जमत नाहीये."

"दोन मिनिटांचं काम. नावं घ्यायची, जेवायचं, मी तर जेवणासाठीच आलोय." विनोद करायची ही माझी सवय नको तिथे उफाळून येते.

तो स्टिअरिंगकडे बघत होता. "आबांनी मला त्याच खाडीत पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरायचे. म्हणायचे, घाबरू नको, मी आहे, बुडू देणार नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्याच खाडीत, भावोजी. काय वाटत असेल त्यांना तेव्हा? की काहीच वाटत नव्हतं? मी वर जाऊन ती नावं घेतली ना, की मला हे रोज विचारावं लागेल."

समोर समुद्र शांत होता, एक जहाज जागच्या जागी उभं असल्यासारखं सरकत होतं. मग मी एकटाच वर आलो.

मावशींनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "नाय?" म्हणाल्या. मी मान हलवली. "ऱ्हवंदे," म्हणाल्या, आणि पानांवरचा भात गार होतोय म्हणून त्यावर झाकण घालायला वळल्या. तेवढ्या वळण्यात त्यांची ताठ पाठ पहिल्यांदा वाकली.

"आजी," ईशा म्हणाली. मग तिने शब्द शोधत शोधत पूर्ण मराठीत सांगितलं, "मी बाबांची मुलगी आहे. माझं लग्न झालं नाही. मी त्याच घरची आहे ना?"

मावशी थांबल्या. हातातलं झाकण त्यांनी खाली ठेवलं. "आसस," म्हणाल्या.

"पण मला ते म्हणायचं कसं, माहीत नाही."

विद्या उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. गाऱ्हाणं कसं घालतात ते तिने ज्यांच्याकडून लहानपणापासून ऐकलं होतं ते कोण, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. ती हळू आवाजात एकेक ओळ सांगू लागली आणि ईशा ती मोठ्याने म्हणू लागली. आत्याला शब्द येत होते, अधिकार नव्हता. भाचीला अधिकार होता, शब्द नव्हते.

"बा देवा म्हाराजा..."

"बा देवा म्हाराजा..."

"आज ह्या परमुलखात तुझी लेकरां तुका सांगतत..."

ईशाच्या जिभेवर ती मालवणी अडखळत होती, तरी ती थांबली नाही. "ही काशी. ही भागीरथी. ही सत्यभामा. ह्यांका आमच्या घराण्यान चेटकिणी म्हटल्यान. त्यांनी काय एक केलेला नाय. कोणाचा पोर खाल्लेला नाय. त्यांका ह्या पानार जेवक बसय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. म्हणायला होतो आम्ही दोघंच, मी आणि प्रकाश. मी प्रकाशकडे पाहिलं. त्याने तोंड ओंजळीत धरलं होतं. तेव्हा मावशींनी डोक्यावर पदर घेतला आणि स्वतःच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." इतक्या मोठ्याने, की रिकाम्या खुर्च्या भरल्यासारख्या वाटल्या.

मग आम्ही जेवलो. किती जेवलो ते विचारू नका. गावभराचं जेवण पाच माणसांनी संपवायचा प्रयत्न केला आणि हरलो. पानांवरचं अन्न प्रकाशने समुद्रकाठी नेलं. इथं मांजरं फार. आपल्याकडे कावळ्याची वाट बघतात, इथं आधीच तीनचार मांजरं हजर. मला ते बरोबर की चूक कळेना, म्हणून मावशींना विचारलं. "खावंदे," त्या म्हणाल्या, "उपाशी जीव."

निघताना त्यांनी एक डबा भरला. "सतीशाचो. गाडयेत बसान उपाशी ऱ्हवलो आसतलो."

तो अजून तिथंच होता. मी काचेवर टकटक केली. त्याने डबा दोन्ही हातांत घेतला. "त्यांनी स्वतः भरला?"

"हो."

"काही म्हणाल्या?"

"तू उपाशी असशील म्हणाल्या."

त्याने मान हलवली, डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि तो कलंडू नये म्हणून एक हात त्यावर तसाच धरून एका हाताने गाडी काढली.

पुन्हा अल मजाज

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तो डबा घासून पालथा घातलेला होता. सतीश केव्हाच ऑफिसला गेला होता. "बाबांनी खाल्लं," ईशा कॉफी घेता घेता म्हणाली. "उभ्याने. ऑल ऑफ इट." आणि तीही कामाला गेली.

विद्या डबा पुसत खिडकीशी उभी होती. खाली लगूनचं पाणी उन्हात चमकत होतं. मी म्हणालो, सतीशने वर यायला हवं होतं, काही झालं तरी. बाईने इतकं मागितलं होतं काय? आणि आबांबद्दलही मी काहीतरी बोललो, जे आता लिहवत नाही.

ती पुसतच राहिली. डबा कधीच कोरडा झाला होता.

"सतीशला बोलू नका काही," ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "अहो, मला आबा अजूनही आवडतात. त्याचं मी काय करू, सांगा."